माझ्या माघारी ताईबाईंवर कोणी ओरडू नये

म्हातारीला भ्रम झाला आहे, तिला आपलं-परकं कळत नाही, असं माझे थोरले दीर वना नाना तीन वर्षं गावभर सांगत फिरतात. हे खोटं आहे. माझ्या सासू ताईबाई उखर्डू भदाणे, वय अठ्ठ्याहत्तर, यांना आपलं कळतं, परकं कळतं, आणि या दिवाळीत नानांनी आणलेल्या कागदात काय होतं तेही कळलं. घरात परका शिरला तेव्हा त्याच्या नावाचे गहू मोजणारा हात म्हातारीचा नव्हता, नानांचा होता. मृत्युपत्रात पहिली ओळ डोकं ठिकाणावर असल्याची लागते म्हणतात. आमच्या घरात डोक्याचा दाखला नेहमी बाईमाणसालाच मागतात, म्हणून आधी सासूचा लिहिला.

आता माझा. मी भिकुबाई झुलाल भदाणे, वय बावन्न, धंदा पुरणाचे मांडे करणे, राहणार शिरपूर, जिल्हा धुळे, शाळा तिसरीपर्यंत. मी शुद्धीवर आहे, मला कोणी धाक घातलेला नाही, आणि हे सगळं मी माझ्या हाताने व राजीखुशीने लिहिते. कोर्टाजवळ बसणाऱ्या लिहिणाऱ्याकडे आधी गेले होते. त्याने अर्ध्या तासात तीन पानं भरली. वाचून दाखवली तेव्हा त्यात मी "निराधार विधवा" झाले होते. मी म्हटलं, विधवा आहे, निराधार नाही, माझ्याकडे मांडे भाजायची दोन खापरं आहेत. तो म्हणाला, "बाई, असंच लिहायची पद्धत असते." त्याचे पैसे दिले आणि कागद तिथेच ठेवून आले. मी न बोललेलं कोणी माझ्या नावाने लिहावं, हे आमच्या घरात पुरेसं होऊन गेलं आहे.

माझ्या पोटात गाठ आहे. धुळ्याच्या डॉक्टरांनी ती काढायची ठरवली आहे. काढली की बरी होशील असं ते म्हणतात आणि मलाही तसंच वाटतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या लग्नांतल्या मांड्यांची बोलणी मी घेऊन ठेवली आहेत. पण टेबलावर निजायच्या आधी मागचं लावून ठेवावं, म्हणून हा कागद. मला मूलबाळ नाही. मालक झुलाल जाऊन नऊ वर्षं झाली. मागे एकच माणूस आहे, ते म्हणजे सासू ताईबाई. माझ्या माघारी त्यांना कोणी फसवू नये, आणि फसवणूक टाळायच्या नावाखाली घरच्यांनीही त्यांचं काही काढून घेऊ नये, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र आहे. बाकीची कलमं त्याच्या मागून येतात.

घर. शिरपुरात पिंजाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी तीन खणांचं घर, वर पत्रे, मागे न्हाणी, एवढी मिळकत नगरपालिकेत माझ्या नावावर आहे. जागा मालकांनी जिनिंगमधल्या फंडाच्या पैशातून घेतली, पत्रे मी मांडे करून चढवले. या घरात ताईबाई त्यांच्या हयातीपर्यंत राहतील. त्यांना कोणी "सांभाळायला" म्हणून गावी नेऊ नये. चार दिवस पाहुणी म्हणून गेल्या तर त्यांची खुशी, पण घराची किल्ली त्यांच्याच कमरेला राहील. त्यांच्यानंतर घर कोणाचं, हे पुढे लिहिलं आहे. त्याआधी काय झालं ते लिहावं लागेल, नाहीतर वाचणारा म्हणेल की बाईने असलं विचित्र वाटप का केलं.

माझं माहेर मुक्ताईनगरकडचं. आमच्या गावात श्रावणातली कानबाई देवी बसत नसे. म्हणून लग्नाला तीस वर्षं झाली तरी कानबाईच्या बाबतीत माझं मत कोणी विचारत नाही, कामाला मात्र मी चालते. भदाण्यांची कानबाई गावी नानांकडे बसते. रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू कुळातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजून घेतात आणि त्या गव्हाचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा असतो. परक्याच्या तोंडी घास गेला तर देवी कोपते असं सगळे मानतात. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही तो देत नाहीत.

१९९३ सालच्या श्रावणात, कानबाई बसायच्या आदल्या दिवशी, दुपारी एक माणूस आला. पस्तिशीचा, इस्त्रीचे कपडे, हातात नारळ आणि ब्लाउजपीस. म्हणाला, मी हिलाल, सुरतेला उधन्यात असतो, तुमच्या आज्याचा धाकटा भाऊ दुष्काळात तिकडे गेला, त्याचा मी नातू. ओट्यावर बसून त्याने आमच्या कुळातली बठ्ठी, एकूण एक नावं घडाघडा म्हणून दाखवली, शेवटी नानांच्या मामांचीसुद्धा. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. गहू मोजायला बसले होते, तिथूनच म्हणाले, "याना नावनी सव्वा मूठ टाका."

मी म्हटलं, "नाना, सुरतेचा पत्ता तरी लिहून घ्या."

"तुले आमनी कानबाईनं काय समजस?" नाना म्हणाले. मी गप्प बसले आणि त्याच्यासाठी पुरण वाटलं. तेही लिहून ठेवते.

पुढे मला समजलं की त्याने नावं कुठून उचलली. नानांच्या मुलाच्या, पुतण्या अभिमनच्या लग्नाची पत्रिका ओट्याच्या भिंतीला चिकटवली होती. आमच्याकडे पत्रिकेत एक नाव राहिलं तर दहा वर्षं बोलणं बंद होतं, म्हणून छापणारा रडेपर्यंत नावं छापतात. त्याने त्याच क्रमाने म्हटली होती, मामेमंडळी शेवटी. सुरतेचा नातू आमचे मामे कशाला पाठ करील? पण तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. रोट खाल्ला, देवीला बोळवून तो गेला, आणि त्या दिवसापासून आमचा भाऊबंद झाला.

मग तो इकडे शिरपूरला यायला लागला. मी कधी घरी नसते ते त्याने हसत हसत माझ्याकडूनच काढून घेतलं. तुळशीचं लग्न लागलं की माझे हात मोकळे नसतात, आज या गावी मांडे, उद्या त्या गावी. तिथी पंचांगात असतातच. त्या दिवसांत तो आला, ताईबाईंच्या पाया पडला, आजी आजी करत सातपुड्याच्या पायथ्याला सागाची झाडं लावायची योजना सांगितली. एका झाडाचे एवढे, वीस वर्षांनी त्याचे इतके. पावतीवर झाडाचं चित्र. पाटात गेलेल्या जमिनीच्या भरपाईचे बावीस हजार ताईबाईंच्या नावे होते. ते चार खेपांना गेले, प्रत्येक खेपेला अंगठा. शेवटी सोन्याच्या पुतळ्यांची माळ गेली.

माघात मला माळ दिसली नाही. मी विचारलं. कसं विचारलं ते गल्लीने ऐकलं. माझा आवाज मांडे करणाऱ्या बाईचा आहे, चुलीच्या आवाजावरून बोलायची सवय. ताईबाईंनी सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "पहिलाच खेपले माले शक उना व्हता, भिकू. तू वरडशी म्हनीसन मी नही सांगं."

म्हणजे पहिल्याच खेपेला त्यांना संशय आला होता. पाच हजारांवर हे थांबलं असतं. माझ्या ओरडण्याच्या भीतीने बाकीचे सतरा हजार आणि माळ गेली. चोर तो होताच, पण त्याला तीन खेपांची वाट मी करून दिली. हा माझा गुन्हा आहे, त्याची शिक्षा कोणत्या कायद्यात नाही, म्हणून इथे लिहिते. या मृत्युपत्राचा फायदा ज्याला घ्यायचा असेल त्याने हे कलम दोनदा वाचावं. म्हाताऱ्या माणसाला फसवणारा एकदा फसवतो. त्यानंतर घरच्यांच्या भीतीने ते माणूस गप्प राहतं आणि तो पुन्हा येतो.

पावतीवरच्या गावी मी आणि शेजारचे इसाक पिंजारी एसटीने जाऊन आलो. इसाकभाई गाद्या भरतात, त्यांच्या घराची आणि आमची भिंत एक. झाडं होती. भरपूर होती. ती सरकारच्या जंगलातली होती. परत येताना, ताईबाईंना अक्का म्हणणारे इसाकभाई एवढंच म्हणाले, "भाभी, अक्काला सांगा, झाडं चांगली उंच आहेत." मी हसले आणि मग रडले.

नानांकडे गेले, म्हटलं पोलिसात चला. नाना म्हणाले, "त्याले रोट दिधा. आते परका कसा म्हनशी?" तेव्हा मला त्यांची अडचण समजली. हिलालला चोर म्हणायचं तर कुळाचा रोट परक्याने खाल्ला हे कबूल करावं लागणार, आणि गहू मोजले नानांनी. त्यापेक्षा आईलाच भ्रम झाला असं म्हणणं सोपं. तेव्हापासून ते म्हणतात. सहा महिने आमच्या घरातून तक्रार गेली नाही.

पुढच्या श्रावणात पुन्हा गहू मोजायला बसले. एकेकाचं नाव घेत नाना सव्वा मूठ टाकत होते. हिलालचं नाव आलं आणि नानांनी त्याचीही मूठ उचलली, कारण थांबले असते तर लोकांनी विचारलं असतं. ताईबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"वना, मूठ सोड. तो आपला नव्हता. मागला साल परकानी रोट खादा. वरीस व्हयनं, मी जित्ती शे. देवीले कोपनं व्हतं ते ती माले आधी उचलती."

ओसरीवर वीस-पंचवीस माणसं होती. मग दर्शनाला आलेली दुसऱ्या कुळातली कुंदाबाई, ताईबाईंच्याच वयाची, दाराशी उभी होती ती म्हणाली, "अक्का, आमनाकडेबी जेवना तो." म्हणजे रोटच. ती बोलली म्हणून एक आबा बोलले. शोध घेतला तेव्हा तो माणूस चार गावांत चार कुळांचा भाऊबंद निघाला. चार घरचे रोट एका श्रावणात. चौघं म्हातारी माणसं जीपमध्ये बसून पोलिसात गेली, आणि तिथल्या हवालदाराला ताईबाईंनी कानबाईचा नियम पहिल्यापासून समजावून सांगितला, कारण त्याशिवाय त्याला गुन्हाच कळत नव्हता.

पैसे आले नाहीत. माळ आली नाही. पण त्याच्या पुढच्या वर्षी तो जवळच्या एका गावी नारळ घेऊन गेला, तेव्हा त्या घरच्या म्हातारीने त्याला पाणी दिलं, बसवलं आणि कुंदाबाईकडे माणूस धाडला. माणूस परत यायच्या आत तो मोटारसायकल घेऊन पळाला. नारळ राहिला. त्या घरच्यांनी तो चौकीवर नेऊन दिला, पोलिसांनी घेतला नाही. मला त्या दिवशी बावीस हजार मिळाल्यासारखं वाटलं. खरे नाही मिळाले, पण वाटलं.

आता अंगठ्याचं. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा इसाकभाईंची सून मेहरुन गल्लीत शिकवायची. ताईबाई म्हणाल्या, मी बसणार. शहात्तराव्या वर्षी बसल्या. वर्षभरात सही आली, मग वाचताही यायला लागलं, एकेक अक्षर बोट ठेवून आणि मोठ्याने म्हणत. सहीला त्यांना एका भाकरीएवढा वेळ लागतो. पहिल्यांदा मला वाटायचं हिच्या हातातला पेन घ्यावा आणि ढकलून द्यावं पुढे. घाई हा माझा जन्मरोग आहे.

मागच्या वर्षी मी लग्नाला गेले असताना एक जण आला. म्हातारपणाची पेन्शन मंजूर झाली, अंगठा द्या, आणि मंजुरीचे दोनशे. शाईची डबी उघडून तयार. ताईबाई म्हणाल्या, "अंगठा नही. मी सही करस. बठ भाऊ, येळ लागस." आणि सुरू झाल्या. एक अक्षर मोठ्याने म्हणायच्या, लिहायच्या, चष्मा पुसायच्या. तो म्हणाला, "आजी, अंगठ्यानेच होतं, घाई आहे." "तुले घाई शे, कागदले नही," ताईबाई म्हणाल्या. आडनावापर्यंत आल्या तोवर इसाकभाईंची बायको अमिनाबी भिंतीपलीकडून आली, "क्यूं अक्का, किसको सबक पढ़ा रही?" तिच्यामागे इसाकभाई, हातात पिंजायची काठी, ती ते असतातच घेऊन. पेन्शनवाला गेला. डबी विसरून गेला. त्या डबीची शाई आम्ही कपड्यांवर धोब्याची खूण करायला वापरतो.

त्यानंतर इसाकभाईंच्या दुकानासमोर गुरुवारी दुपारी म्हातारी माणसं बसायला लागली. हिंदू, मुसलमान, ज्याला आठवड्यात काही कागद आला, कोणी काही विकायला आलं, कोणी डबल पैसे सांगितले, त्याने ते तिथे आणायचं. डाकेतून रिटायर झालेले लीलाधर वाचून दाखवतात. नियम एकच. कोणी हसायचं नाही, ओरडायचं नाही. जो हसेल किंवा ओरडेल त्याने सगळ्यांचा चहा सांगायचा. आतापर्यंत मी तीन वेळा सांगितला आहे, आमच्या गल्लीत तो उच्चांक आहे. एकदा एका आबांनी रेडिओ मिळाल्याचं पत्र आणलं, फक्त पार्सलचे पैसे भरायचे. दुसऱ्या म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि सांगितलं की असलं पार्सल मी सोडवलं होतं, आत विटेचा तुकडा होता, चार वर्षं कोणाला बोललो नव्हतो. कोणी हसलं नाही. आबांनी पत्र फाडलं.

या बैठकीच्या चहासाठी माझ्या पोस्टाच्या खात्यातले एक हजार रुपये लीलाधर यांच्याकडे द्यावेत. खात्यातलं बाकीचं सगळं ताईबाईंच्या औषधपाण्याला. ते त्यांच्या सहीने आणि खाली लिहिलेल्या माणसाच्या सहीने, दोघांच्या मिळून निघेल. एकट्या म्हातारीने काढायचं नाही, आणि एकट्या त्या माणसाने तर नाहीच.

तो माणूस म्हणजे अभिमन वना भदाणे, माझा पुतण्या, वय तीस, नोकरी दीपनगरला, वीज केंद्रात. त्यालाच का, ते लिहिते. या दिवाळीत आम्ही गावी होतो. नानांनी स्टॅम्पपेपर काढला. म्हणाले, "आई, दोन बिघा ऱ्हायनात. तेबी कोनी फसाडीसन लई जाई. मना नावे कर, मी सांभाळसू." ताईबाईंनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला घेतलं. दीड तास. नानांनी तीनदा चहा घेतला. एका शब्दावर बोट थांबलं.

"वना, सांभाळाले 'कायमचे' कशाले लागस?"

नानांनी कागद घडी करून खिशात घातला. अभिमन दाराला टेकून उभा होता, स्कूटरची किल्ली बोटावर फिरवत. किल्ली फिरायची थांबली, ते मी पाहिलं. तो बापाच्या बाजूनेही बोलला नाही, आजीच्याही नाही. निघताना मात्र आजीला म्हणाला, "आजी, तुनं वाचनं चांगलं शे." ताईबाई दोन दिवस ते आठवून खूष होत्या. त्या एका वाक्यावर मी हे सगळं त्याच्यावर टाकते आहे. चुकत असेन तर तेही आता कळू दे.

अभिमनने करायचं ते असं. पंधरा दिवसांतून एकदा शिरपूरला यायचं आणि आजीजवळ बसायचं, घड्याळ न बघता. तिने काही सांगितलं तर आधी पूर्ण ऐकायचं. पुन्हा फसली तर, आणि फसेल, मीही फसेन, तूही फसशील, तिला पहिलं वाक्य "काय केलंस हे" असं म्हणायचं नाही. "बरं झालं सांगितलंस" असं म्हणायचं. मला हे म्हणायला दोन वर्षं लागली, अजून तोंडातून वाकडंच येतं. तिची दोन बिघा जमीन तिच्याच नावावर राहील, तिच्यानंतर कायद्याने ज्याला जाईल त्याला जावो, तोवर कोणी कागद आणायचा नाही. कागद आलाच तर तिला वाचू द्यायचा, लागेल तेवढा वेळ. आणि तिच्या सहीत कोणी पेन धरायचा नाही.

हे अभिमन कबूल करेल तर ताईबाईंच्यानंतर सदरहू घर त्याचं, त्यावर कोणी हरकत घेऊ नये. तो नाही म्हणाला तर हेच काम मेहरुनला सांगावं. ती नाही म्हणणार नाही, कारण सांगायच्या आधीच ती करते आहे. मग घर मेहरुनचं. भाऊबंदांनी त्यावर गावात बैठक घेतली तर खुशाल घ्यावी. रोट खाल्लेल्या भाऊबंदाने या घराचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि भिंतीपलीकडच्यांनी काय केलं तेही.

दोन्ही खापरं, लांब पळी, पुरण वाटायचा पाटा, लोखंडी चूल, हे सगळं कोणी होय म्हणो की नाही, मेहरुनला. ती हातावर मांडा फिरवायला शिकली आहे आणि तिचा मांडा माझ्यापेक्षा पातळ होतो. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं नाही, इथे वाचू दे. ज्या घरांना तिच्या हातचं चालणार नाही त्यांनी लग्नात बाजारच्या पोळ्या वाढाव्यात. मोठ्या खापराला उजव्या अंगाला बारीक चीर आहे, त्या बाजूने जाळ कमी ठेवावा.

वना नानांना माझ्याकडून काही नाही. असं लिहून मी इथेच थांबणार होते. पण मागच्या आठवड्यात ऐकलं की नानांनी कापसाचे पैसे कोणत्या तरी तीन वर्षांत दुप्पट करणाऱ्या कंपनीत घातले आहेत आणि घरात कोणाला सांगितलेलं नाही. नाना एकसष्टचे झाले. आता त्यांच्याकडेही लोक नारळ घेऊन येणार. म्हणून त्यांना माझ्याकडून गुरुवारच्या बैठकीत एक जागा. कंपनीचा कागद घेऊन यावं, लीलाधर वाचतील. हसायचं नाही हा नियम त्यांनाही लागू आहे, म्हणजे त्यांच्यावरही कोणी हसणार नाही. मी असले तर मी चहा सांगीन, न हसता. अभिमन, हे तुलाही समजून घे. आज तू आजीसाठी जे कबूल करशील ते उद्या बापाला लागणार आहे, तेव्हा शिकून राहिलेलं बरं.

हे मृत्युपत्र मी ताईबाईंना पूर्ण वाचून दाखवलं. त्यांनी एक दुरुस्ती सांगितली, की माळेत पुतळ्या सोळा होत्या हे लिही. सोळा होत्या.

दोन्ही साक्षीदारांना यातून काही मिळत नाही. चहाचे हजार लीलाधर यांच्या हातात येतील, खिशात नाही. त्यांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: शिरपूर, जि. धुळे
तारीख: १४ नोव्हेंबर १९९६, गुरुवार

भिकुबाई झुलाल भदाणे (सही)

साक्षीदार १: लीलाधर गिरधर वाणी, निवृत्त, डाक खाते (सही). मजकूर वाचला. बाई पूर्ण शुद्धीत आहे, आवाजावरूनही कळतं.

साक्षीदार २: कुंदाबाई सुकदेव देवरे, राहणार हल्ली शिरपूर (सही). सही स्वतः केली.

नक्कल रजिस्टर डाकेने: अभिमन वना भदाणे, दीपनगर.

अभिमन, ही नक्कल तुला मिळेल तेव्हा बापाला विचारू नकोस, तुझ्या बायकोला विचार. पंधरा दिवसांनी एक दिवस तिच्याही घरातून जाणार आहे. विचार करतो, बघतो, काकू तू आधी बरी हो, असलं काही लिहू नकोस. होय किंवा नाही. नाही म्हणालास तर मी रागावणार नाही, रागावले तर तुला ऐकू येणार नाही, दीपनगर लांब आहे. होय असेल तर पत्र नको, स्वतः ये आणि आजीला सांग, कारण माणूस तिला पाहिजे, मला नाही. सोमवारी पंचवीसला मी धुळ्याला भरती होते. तुझं उत्तर शनिवार, २३ नोव्हेंबर, दिवे लागायच्या आत आलं पाहिजे. रविवार मी मेहरुनला विचारायला ठेवला आहे.